सिग्नल लाल का आहे?

उधना हे नाव आपल्या भागात फारसे कुणाला माहीत असण्याचे कारण नाही. सुरतच्या दक्षिणेला अगदी खेटून असलेले हे जंक्शन. मुंबईहून बडोद्याकडे जाणारा पश्चिम रेल्वेचा मुख्य मार्ग इथून जातो आणि जळगाव, अमळनेर, नंदुरबार करीत तापीच्या खोऱ्यातून येणारा मार्ग इथेच त्याला मिळतो. खानदेशातली कितीतरी माणसे याच वाटेने पोटापाण्यासाठी सुरतेला आली, उधना-लिंबायत भागात राहिली. त्यामुळे तिथे रस्त्यावर, बाजारात मराठी सहज कानावर पडते. आपल्यासारखाच तो दोन भाषांचा मुलूख. आपल्याकडे मराठीच्या जोडीला कन्नड, तिथे गुजराती, एवढाच काय तो फरक.

माझी थोरली बहीण लग्न होऊन सुरतेला गेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे आठ दिवस राहून आले. या आठ दिवसांत उधना जंक्शन मी प्रत्यक्षात एकदाच पाहिले, पण भाच्याच्या संगणकावर मात्र रोज पाहिले. भाचा इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला आहे. कॉलेज सुटले की तो 'ट्रेन सिम्युलेटर' उघडून बसतो, जेवायला चार हाका माराव्या लागतात. भावजी रिंग रोडवरच्या कापड मार्केटमध्ये हिशेब सांभाळतात. पहिल्याच रात्री ते मला म्हणाले, "तुम्ही कॉलेजात शिकवता ना, मग तुम्हीच दोन शब्द सांगा याला. एवढा घोडा झाला तरी आगगाडी खेळतोय." म्हणून मी त्याच्याशेजारी खुर्ची घेऊन बसले. उठायला रात्रीचे बारा वाजले.

सिम्युलेटर म्हणजे खऱ्याची हुबेहूब नक्कल करणारी संगणकावरची रचना. विमान चालवायला शिकणाऱ्यांना आधी अशाच नकली विमानात बसवतात हे आपण ऐकून आहोत. आगगाडीचीही तीच तऱ्हा आहे. रेल्वेचे चालक तयार करण्यासाठी असे सिम्युलेटर वापरले जातात. घरच्या संगणकावर हा प्रकार लोकप्रिय झाला तो साधारण २००१ पासून. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' आला. त्यात इंग्लंड, ऑस्ट्रिया, जपान आणि अमेरिकेतले मिळून सहा मार्ग होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून 'ट्रेन्झ' आला. मायक्रोसॉफ्टने दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले होते, पण २००९ मध्ये ते काम सोडून दिले. तरी हौशी लोकांनी पिच्छा सोडला नाही. 'ओपन रेल्स' हा मोफत सिम्युलेटर अशाच स्वयंसेवकांनी उभा केला. आपल्याकडच्या हौशी मंडळींनीही भारतीय इंजिने, डबे, स्टेशने तयार करून त्यात घातली. आपल्या लहानपणी धूर सोडत जाणारे ते डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आता कुणाच्या तरी संगणकात धडधडत असते, ही गंमतच नाही का?

भाच्याने उधन्याहून बारडोलीकडे जाणारा मार्ग स्वतः रूळ टाकून बनवला होता. तोही आजचा नव्हे, दुहेरीकरणाच्या आधीचा, एकेरी. मी विचारले, "अरे, दोन रूळ असताना एकाच रुळाचा हट्ट कशाला?" तो म्हणाला, "मावशी, दोन रूळ असले की गाड्या आपापल्या वाटेने जातात. मजा क्रॉसिंगमध्ये आहे."

क्रॉसिंग म्हणजे काय हे बेळगावकरांना कुणी सांगायला नको. लोंढा-मिरज मार्ग एकेरी होता तेव्हा घटप्रभा, रायबाग, कुडची यांपैकी कुठेतरी गाडी थांबायची. समोरून दुसरी गाडी आली आणि बाजूच्या रुळावरून निघून गेली की मगच आपली सुटायची. तोपर्यंत चहा पिऊन व्हायचा, शेजाऱ्याचे गाव, आडनाव, मुलीचे स्थळ एवढे सगळे विचारून व्हायचे. त्या थांबण्यामागे केवढी व्यवस्था असते, हे मात्र मला सुरतेत कळले.

एकेरी मार्गाचा नियम साधा आहे. दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी. जुन्या काळी त्यासाठी लोखंडी गोळा असे. तो चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवीला मोठी कडी लावून चालकाच्या हाती देत. हा गोळा ज्याच्याकडे त्यालाच पुढे जायचा हक्क. एक गोळा यंत्राबाहेर असेपर्यंत दोन्ही स्टेशनांवरच्या यंत्रांतून दुसरा निघतच नसे. आज गोळ्याची जागा विजेच्या मंडलांनी आणि चाके मोजणाऱ्या उपकरणांनी घेतली आहे. आत गेलेली चाके आणि बाहेर आलेली चाके यांचा हिशेब जुळला नाही, तर टप्पा रिकामा मानला जात नाही आणि सिग्नल लाल राहतो. तत्त्व तेच आहे. खात्री झाल्याशिवाय हिरवा नाही.

आता भाच्याच्या अडचणीकडे वळू. सिम्युलेटरमध्ये एक गाडी आपण चालवतो, बाकीच्या गाड्या संगणक चालवतो. या संगणकी गाड्यांवर स्वयंचलित चालक असतात. या चालकाला डोळे नसतात. समोरची काच आपल्याला दिसते, त्याला नाही. त्याच्याजवळ तीनच गोष्टी असतात. कुठून कुठे जायचे याची आखलेली वाट, कुठे किती वेगाने जायचे याचा नियम आणि पुढच्या सिग्नलचा रंग. रंग लाल असेल तर तो उभा राहतो. तासभर म्हणाल तर तासभर, रात्रभर म्हणाल तर रात्रभर. तो कंटाळत नाही आणि स्टेशन मास्तरला फोन करून विचारीतही नाही. भाच्याची एक पॅसेंजर गाडी चलथाण स्टेशनाच्या अलीकडे अशीच तीन दिवस उभी होती. पुढचा रूळ पडद्यावर तरी मोकळा दिसत होता आणि सिग्नल लाल!

असे झाले की अननुभवी माणूस आधी चालकाला शिव्या घालतो, मग सगळे पुसून पुन्हा सुरू करतो. तेही जमले नाही तर सिग्नलच काढून टाकतो. सिग्नल काढला की गाडी सुटते हे खरे, पण पुढे कुठेतरी दुसऱ्या गाडीसमोर जाऊन उभी राहते. भाच्याने यातले काही केले नव्हते. वहीत क्रमाने मुद्दे लिहून तो एकेक तपासत होता. ती वही मी मागून घेतली, कारण माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवण्याजोगी होती.

त्यातला पहिला मुद्दा होता सिग्नलच्या तोंडाचा. सिग्नलचा खांब रुळाशेजारी नुसता दिसून भागत नाही, तो रुळाला जोडलेला असावा लागतो आणि येणाऱ्या गाडीकडे त्याचे तोंड असावे लागते. उलटा बसवला तर ज्याने थांबायचे तो थांबत नाही आणि ज्याचा काही संबंध नाही तो समोरून येऊन थांबतो. इथे तोंड बरोबर होते.

दुसरा मुद्दा वाटेचा. स्वयंचलित चालकाची वाट आधी आखून ठेवलेली असते. कुठल्या सांध्यावर डावीकडे, कुठल्या सांध्यावर सरळ, सगळे ठरलेले. नंतर कुणी रूळ हलवला, एखादा सांधा नवा घातला, की जुनी वाट मध्येच तुटते. नकाशावर रेघ दिसते, पण चालकाच्या लेखी पुढे रस्ताच नसतो. भाच्याने वाट नव्याने आखून पाहिली, तरी सिग्नल लालच.

तिसरा मुद्दा फटीचा. रुळाचे दोन तुकडे एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात, पण जोडलेले नसतात. संगणकाच्या दृष्टीने रूळ तिथे संपतो आणि संपणाऱ्या रुळावर कुठला सिग्नल हिरवा होणार? भाच्याने चलथाणपर्यंतचा रूळ वीतवीत तपासला. फट नव्हती.

चौथी पायरी मला सगळ्यात आवडली. त्याने बाकीच्या सगळ्या गाड्या काढून टाकल्या आणि ती एकच पॅसेंजर ठेवली. ती विनातक्रार निघाली आणि बारडोलीला पोचली. म्हणजे सिग्नल चांगला, वाट चांगली, रूळ चांगला. दोष दुसऱ्या कुठल्यातरी गाडीत. मग त्याने एकेक गाडी परत घातली. प्रत्येक वेळी एकच, आणि ती घालून पुन्हा चालवून बघायचे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या तर गाडी सुटल्यावरही कशामुळे सुटली ते कळत नाही, हे त्याचे म्हणणे. एक मालगाडी परत घातली आणि पॅसेंजर पुन्हा अडली. मालगाडी चलथाणच्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपमध्ये, क्रॉसिंगसाठी शहाण्यासारखी उभी होती. तिचे इंजिन पुढच्या सिग्नलच्या आत व्यवस्थित थांबलेले. मग हिचा त्रास पॅसेंजरला का व्हावा?

इथे त्याची गाडी अडली, आणि माझीही. भावजी मागे उभे राहून बघत होते. मार्केटमधून नुकतेच आले होते, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. ते म्हणाले, "तुझा ताका केवढा आणि टेबल केवढं?"

भाच्याने वळून पाहिले. भावजी म्हणाले, "अरे, ताका टेबलापेक्षा लांब असला की शेवट खाली लोंबतो. पुढून बघितलं तर सगळं सरळच दिसतं."

मग भाच्याने मोजले. अठ्ठावन्न वाघिणींची गाडी. उघड्या मालवाघिणीची, तिला रेल्वेत बॉक्सएन म्हणतात, लांबी साधारण १०.७ मीटर. अठ्ठावन्न वाघिणींचे झाले ६२१ मीटर. त्यात दोन इंजिने आणि शेवटचा गार्डचा डबा धरला की साडेसहाशेच्या वर. आणि त्याने टाकलेला लूप होता ६०० मीटरचा! मालगाडीची शेपटी मागच्या सांध्यावर, मुख्य रुळात तशीच राहिली होती. शेपटी सांध्यावर असेतो सांधा फिरणार नाही, टप्पा मोकळा होणार नाही आणि मागून येणाऱ्या पॅसेंजरला हिरवा मिळणार नाही. खऱ्या रेल्वेत दोन रूळ एकत्र येतात तिथे फाउलिंग मार्क नावाची खूण असते. गाडीची शेपटी त्या खुणेच्या आत आली पाहिजे, असा कडक दंडक आहे. थोडक्यात काय, सिग्नल तीन दिवस खरे बोलत होता. त्याचे ऐकणारेच कुणी नव्हते.

लूप लांबवला आणि पॅसेंजर सुटली. भावजी काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवताना त्यांनी मुलाला विचारले, "ती दुसरी गाडी समोरून आली तर?" आणि ताईने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या.

भावजींच्या त्या प्रश्नाचे उत्तर मोठे मजेदार आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोरच्या स्टेशनांवर उभ्या असतात. हिला हवा असलेला टप्पा तिने अडवलेला, तिला हवा असलेला हिने. दोन्ही चालक आज्ञाधारक, दोघेही नियमाने थांबलेले आणि दोघेही कायमचे थांबलेले. लखनौच्या 'पहले आप' मंडळींसारखी गत. अशा कोंडीत चालकाला शहाणपण शिकवून भागत नाही. ज्याने वेळापत्रक आखले त्यानेच ठरवावे लागते की कोणी कुठल्या स्टेशनात बाजूला व्हायचे आणि किती वेळ थांबायचे. सिम्युलेटरमध्ये एक नकाशाची खिडकी असते. कुठल्या गाडीने कुठला टप्पा राखून ठेवला आहे ते त्यात दिसते. ती उघडली की निम्मे कोडे तिथेच सुटते.

वाचकहो, हे सारे खेळातले झाले. पण खेळ इतका खरा का करतात, ते कळायला दोन खऱ्या घटना आठवाव्या लागतील.

२ जून २०२३ रोजी ओडिशात बालेश्वर जिल्ह्यातल्या बहानगा बाजार स्टेशनाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला होता, पण सांधा मात्र लूपकडे वळलेला होता. गाडी भरवेगात लूपमध्ये शिरली आणि तिथे उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे गेली. चालकाने सिग्नल मोडला नव्हता, हिरवा दिवा पाहूनच तो निघाला होता. सिग्नलच्या तारांच्या जोडणीतल्या जुन्या आणि नव्या चुका रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत पुढे आल्या. खांबावर दिवा दिसतो, पण तो खऱ्या सांध्याशी जोडलेला आहे का, हा भाच्याच्या वहीतला प्रश्न तिथे अक्षरशः जीवन-मरणाचा होता.

दुसरी घटना १७ जून २०२४ ची. उत्तर बंगालमध्ये रंगापाणी स्टेशनाजवळ कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. पहाटेपासून तिथले स्वयंचलित सिग्नल बंद पडले होते आणि लाल सिग्नल ओलांडण्याचा लेखी परवाना घेऊन गाड्या पुढे जात होत्या. अपघातानंतर पहिल्या काही तासांतच मालगाडीच्या मृत चालकाकडे बोट दाखवले गेले. पुढे चौकशीत दिसले की त्याच सकाळी तसाच कागद घेऊन गेलेल्या गाड्या वेगवेगळ्या वेगाने धावल्या होत्या. म्हणजे त्या कागदाचा नेमका अर्थ काय, हे चालकांना नीट शिकवलेच गेले नव्हते. आपल्या रेल्वेचा नियम तसा स्पष्ट आहे. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबायचे, मग अत्यंत सावधपणे, कुठल्याही क्षणी थांबता येईल अशा बेताने पुढे जायचे. पण नियम पुस्तकात असणे वेगळे आणि तो माणसाच्या हातात उतरणे वेगळे. हातात उतरवण्यासाठीच तर सिम्युलेटर असतो. तिथे चूक झाली तर कुणी मरत नाही, गाडी पुन्हा सुरुवातीला येऊन उभी राहते.

चालक चुकला तरी गाडी थांबावी म्हणून 'कवच' ही आपल्या देशात तयार झालेली यंत्रणा रेल्वेने २०२० मध्ये स्वीकारली. चालकाने लाल सिग्नलकडे दुर्लक्ष केले तर ती आपोआप ब्रेक लावते. सुरत ज्या मुंबई-दिल्ली मार्गावर आहे, तिथे ती बसवण्याचे काम आधी हाती घेतले गेले. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचे एक स्थानक सुरतेला आहे. त्या वेगात रुळाशेजारचे दिवे डोळ्यांना टिपणे अवघड, म्हणून जपानच्या शिंकान्सेन गाड्यांत किती वेगाने जायचे ते चालकासमोरच दाखवले जाते. यंत्र दिवसेंदिवस शहाणे होते आहे, चांगलेच आहे. पण यंत्र अडले की 'का अडले' हे विचारणारा माणूस लागणारच. तो आज कुठल्यातरी घरात आगगाडी खेळत बसलेला असू शकतो.

परत आल्यावर मी हे सगळे आमच्या सासूबाईंना सांगितले. त्यांचे माहेर धारवाडकडचे, बोलणे कन्नडच. वाट तुटली की गाडी अडते, एवढे ऐकून त्या म्हणाल्या, "दारीन इल्ल अंद्र गाडी ह्यांग होगतद?" वाटच नाही तर गाडी जाईल कशी? मला हसू आले. कन्नडमध्ये 'दारी' म्हणजे वाट, मराठीत 'दारी' म्हणजे दारात. ज्याला पुढे दारी नाही, तो आपल्या दारी उभा राहतो! दोन भाषांच्या घरात असे शब्द फुकट मिळतात. आणि मनात आले, घरातल्या मुलांचेही असेच असते. अभ्यासात, बोलण्यात, वागण्यात मूल एके ठिकाणी अडून बसले की आपण त्याला हट्टी ठरवतो, ढकलतो किंवा सिग्नलच उपटून टाकतो. त्याची आखलेली वाट मध्ये तुटली आहे का, दुसऱ्याच कुठल्या गाडीची शेपटी त्याच्या रुळात आली आहे का, हे बघायला आपल्याला वेळ नसतो. मराठीत आपण 'रुळावरून घसरला' म्हणतो, कन्नडमध्ये 'हळि तप्पिद' म्हणतात. दोन्ही भाषांनी दोष एकट्या गाडीच्या माथी मारून ठेवला आहे. रूळ कुणी टाकला, ते दोघीही विचारीत नाहीत.

तेव्हा तुमच्या घरी असा आगगाडीवेडा असेल, तर त्याला लगेच उठवू नका. झोपेची आणि अभ्यासाची वेळ जरूर ठरवून द्या, ते आपले कामच आहे. पण एखाद्या संध्याकाळी शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि विचारा, "हा सिग्नल लाल का आहे?" तो सांगू लागला तर मध्ये बोलू नका. आणि त्यालाही ठाऊक नसेल, तर तुमच्या धंद्यातले, स्वयंपाकघरातले, शेतातले एखादे माप काढून दोघे मिळून शोधा. भावजींचा परवा फोन आला होता. लूप आता सातशे मीटरचा केला आहे म्हणाले. 'केला आहे', असेच म्हणाले.